हातचा एक तास

विमान रात्री नऊ चाळीसचं होतं आणि मी साडेपाचला विमानतळावर होते. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिकीट पाहिलं. "नौ चालीस का है, मॅडम." मी म्हटलं, "हो, माहीत आहे." त्याने फार काही न विचारता आत सोडलं. माझ्यासारखी माणसं त्याला रोज भेटत असावीत.

आत जाऊन खुर्ची पकडली आणि बाबांना फोन केला. "पोचले."

"इतक्यात?" पलीकडे दोन क्षण शांतता. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत असणार. "बरं. बस आता. हातचा उरला."

हातचा हा शब्द आम्ही शाळेत बेरजेत शिकतो. सात आणि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक. बाबा चाळीस वर्षं फोर्टातल्या एका बँकेत कॅशियर होते आणि त्यांच्याकडे हा शब्द बेरजेपुरता कधीच राहिला नाही. लग्नाला निघायचं तर अर्धा तास हातचा. डॉक्टरकडे जायचं तर वीस मिनिटं हातचा. आणि विमानतळ म्हटलं की एक तास, त्यात घासाघीस नाही. ते गणित उलटं मांडतात. विमान अमुक वाजता, त्याआधी तीन तास तिथे असायला हवं, दोन तास रस्ता, अर्धा तास टॅक्सी मिळायला, आणि हातचा एक. हे सगळं कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या भागावर पेन्सिलीने लिहितात, खाली दोन रेघा मारतात, आणि मग जाहीर करतात, "साडेपाचला निघायचं." ती वेळ ऐकून घरात जे काही बोललं जातं, ते त्यांना ऐकू येत नाही.

आमच्या घरातला पहिला विमानप्रवास १९८८ सालचा. काका मस्कतला निघाला होता. मी दहा वर्षांची. विमान पहाटे तीनचं आणि आम्ही रात्री आठलाच बाहेर पडलो. चाळीतले अर्धे लोक खाली उतरले होते. आजीने काकाच्या हातावर दही ठेवलं. तो म्हणाला, "जातो गं आई," आणि तिने तिथेच खडसावलं, "येतो म्हण." दोन टॅक्स्या, दोन्ही पद्मिनी. एकीच्या टपावरच्या कॅरियरला बॅगा सुंभाने बांधलेल्या, आणि प्रत्येक खड्ड्याला मागे वळून बघण्याची जबाबदारी माझ्यावर. टॅक्सीवाल्या चाचांनी खिडकीतून हात बाहेर काढून मीटरचा दांडा खाली ओढला. तो 'टिंग' आवाज झाला आणि मला वाटलं, झालं, निघालं विमान.

मुंबईत राहणाऱ्याला विमानतळ मुंबईतच आहे असं वाटतं. गिरगावात वाढलेल्याला तसं वाटत नाही. आमच्या हिशेबात माहीमला मुंबई संपायची. हायवेला लागायचं तर आधी माहीमचा कॉजवे ओलांडायचा, आणि तो ओलांडला की रिक्षा दिसायला लागायच्या. आमच्याकडे रिक्षा नव्हत्या, आजही नाहीत. इकडे माहीम, तिकडे सायन, त्याच्या दक्षिणेला रिक्षाला बंदी. लहानपणी पहिली रिक्षा दिसली की मी ओरडायचे, "गाव आलं!" बाबा हसायचे आणि दर वेळी तीच गोष्ट सांगायचे. जुनी मुंबई बेटांची, पलीकडे साष्टी, मध्ये खाडी. लोक होडीने जायचे. १८४०च्या दशकात लेडी जमशेदजींनी, म्हणजे अवाबाईंनी, स्वतःचे १ लाख ५७ हजार रुपये घातले आणि हा रस्ता झाला. अट एकच, की जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. मग बाबांचं ठरलेलं वाक्य: "रिक्षावाल्याला विचार, तो सांगेल कुठे होती खाडी." रिक्षाची हद्द आज जिथे आहे, तिथेच कधीकाळी बेट संपत होतं. वाहतुकीचे नियम करणाऱ्यांच्या मनात खाडी होती की नाही कोण जाणे, पण रेघ जवळपास तिथेच पडली.

त्या रात्री सहारला पोचायला आम्हाला सव्वा तास लागला. विमानाला पावणेसहा तास बाकी होते. काका कठड्याजवळ बॅगेवर बसून राहिला, आई आणि काकू डबे उघडून बसल्या, आम्ही मुलं मोठमोठ्या ट्रॉल्या ढकलत फिरलो. आमच्यासारखी आणखी पाच-पन्नास कुटुंबं होती. कुणी सतरंजी अंथरलेली, कुणाच्या गळ्यात हार, एक आजीबाई पोथी वाचत बसलेल्या. आता आठवलं की वाटतं, तो हातचा वाया गेला असं कुणालाच तेव्हा वाटत नव्हतं. काकाबरोबर तेवढा वेळ आम्हाला नंतर पुढली तीन वर्षं मिळाला नाही. पण हे मी आज म्हणते. तेव्हा मला फक्त झोप येत होती.

पुढे माझी नोकरी लागली आणि विमानतळाचं काम माझ्याकडे आलं. कामच म्हणायचं. आमच्या ऑफिसात बाहेरगावचे पाहुणे येतात, चर्चासत्रं होतात, आणि त्यांच्या राहण्याचं, नेण्या-आणण्याचं बघते मी. पाहुण्यांचा पहिला ईमेल हमखास एकच असतो: विमानतळाजवळचं हॉटेल बघा. मी उलट विचारते, काम कुठे आहे? काम फोर्टला असेल तर फोर्टला राहा. सकाळी नऊला अंधेरीहून दक्षिणेकडे निघणं म्हणजे अख्खी मुंबई ज्या दिशेला निघाली आहे तिच्यात शिरणं. विमान पहाटेचं असेल तर मात्र आदल्या रात्री सहार-मरोळकडे मुक्काम हलवावा, त्यात शहाणपण आहे. आणि 'विमानतळापासून दोन किलोमीटर' या हॉटेलवाल्यांच्या वाक्यावर विश्वास ठेवू नये. ते दोन किलोमीटर कावळ्याचे असतात. माणसाला हायवे ओलांडायचा असतो, यू-टर्न घ्यायचा असतो, आणि मध्ये धावपट्टीही असते.

धावपट्टीचा किस्सा सांगायलाच हवा, कारण तो माझाच आहे आणि बाबांना मी तो अजून सांगितलेला नाही. या विमानतळाची दोन दारं आहेत. जुनं देशांतर्गत विमानतळ, म्हणजे टर्मिनल एक, लोकांच्या तोंडी सांताक्रूझ, पण जवळचं स्टेशन पार्ले. आणि दुसरं सहारचं, म्हणजे टर्मिनल दोन. आमची पिढी 'डोमेस्टिक की इंटरनॅशनल?' या टॅक्सीवाल्याच्या प्रश्नावर वाढली. उत्तर सोपं होतं. देशात जायचं तर सांताक्रूझ, परदेशात जायचं तर सहार. २०१४ साली सहारला नवी इमारत उभी राहिली, आणि त्यानंतर देशातली विमानंही हळूहळू तिथून सुटायला लागली. मला बंगळुरूला जायचं होतं. टॅक्सीवाल्याने विचारलं, मी सवयीने म्हटलं, "डोमेस्टिक." पार्ल्याला उतरून, रांगेत उभी राहून, दारापाशी पोचले तेव्हा कळलं की माझं विमान तिकडून आहे. दोन्ही टर्मिनलं एकाच विमानतळाची, त्याच धावपट्ट्या वापरणारी. पण त्यांच्यात रस्ता हवा तर बाहेर पडून, हायवेवरून, फिरून जायचं. विमान मिळालं. का मिळालं? कारण एक तास हातचा होता. म्हणून तर सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर आयुष्यभर ऐकावं लागलं असतं.

विद्यार्थिदशेत टॅक्सी परवडत नव्हती तेव्हा चर्नी रोडहून स्लो लोकल पकडायची, पार्ल्याला उतरायचं आणि पूर्वेला रिक्षा. आजही सगळ्यात स्वस्त उपाय हाच. सकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या रिकाम्या असतात, बॅग शेजारी ठेवून बसता येतं. संध्याकाळी सहानंतर बॅग घेऊन विरार गाडीत चढण्याचा विचारही करू नये. ती बॅग एकटीच पुढे जाते, किंवा तुम्ही एकटे. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि तो बाबा शनिवारच्या पेपरात वाचून ठेवतात. पार्ल्याला उतरलं की बिस्किटांचा वास यायचा. १९२९ सालची ती फॅक्टरी २०१६ला बंद झाली. तोवर माझ्या डोक्यात विमानप्रवासाचा वास म्हणजे तो, भाजलेल्या गव्हाचा, गोड. विमानात शिरल्यावर येणारा थंड, निर्जीव वास मला नेहमी फसवणूक वाटायचा.

आता २६ जुलै. मुंबईत राहिलेल्या कुणीही विमानतळाच्या रस्त्याबद्दल लिहावं आणि २००५ची २६ जुलै टाळावी, हे शक्य नाही.

माझा मावसभाऊ पुण्याहून आमच्याकडे येऊन राहिला होता. शिकायला लंडनला निघालेला, विमान रात्री बाराचं. बाबांनी नेहमीचा हिशेब मांडला, आणि पावसाळा आहे म्हणून हातचा दोन धरला. साडेचारला निघायचं ठरलं. दुपारी खिडकीतून बघितलं तर पाऊस होता, पण रोजचाच. गिरगावात रस्त्यावर पाणीही नव्हतं. मुंबईचा पाऊस दोन ठिकाणी मोजतात, कुलाब्याला आणि सांताक्रूझला, आणि सांताक्रूझची वेधशाळा विमानतळाच्याच आवारात आहे. त्या चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर पडला आणि सांताक्रूझला ९४४. हे आकडे दुसऱ्या दिवशी कळले. त्या दुपारी आम्हाला एवढंच दिसत होतं की आमच्या डोक्यावर आभाळ नेहमीसारखं आहे. एकाच शहराच्या दोन टोकांना दोन वेगळे पाऊस पडत होते आणि आम्ही कोरड्या टोकाकडून ओल्या टोकाकडे निघालो होतो.

दादरपर्यंत गाडी चालली. शिवाजी पार्क मागे पडलं तशी रांग लागली. माहीमच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. पाऊण तासाने टॅक्सीवाल्या चाचांनी इंजिन बंद केलं, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "बेटा, आगे सब पानी है. ये जहाज का दिन है, टॅक्सी का नहीं." समोरून माणसं चालत यायला लागली होती. कमरेपर्यंत भिजलेली, चपला हातात, दप्तरं डोक्यावर. कुणी कलानगरहून, कुणी थेट अंधेरीहून. एका बाईंनी मला विचारलं, "इकडे पाऊस नाहीये?" त्या स्वरात अविश्वास होता आणि थोडा रागही.

मोबाइल लागत नव्हते. मावसभावाचा चेहरा उतरला होता, पण तोच शेवटी म्हणाला, "चल, उतरू." चाचांनी मीटरचे पैसे घेतले, वर काही मागितलं नाही, आणि आम्हाला डिकीतून बॅगा काढायला मदत केली. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. घरी वजनकाट्यावर तीनदा तोललेल्या, त्यात दोन किलो भाजणी आणि लोणच्याची बरणी. त्या डोक्यावर घेऊन आम्ही चालत शिवाजी पार्कला आत्याच्या घरी आलो. आत्याने दार उघडलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दादाने हातचा धरला असणार." बाबांना ती दादा म्हणते.

विमानतळ बंदच होता. तो कितीतरी तास बंद राहिला. मिठी नदी तिथूनच वाहते, धावपट्टीसाठी तिचं पात्र वळवलेलं, त्या दिवशी ती आपल्या जुन्या वाटेने गेली असं लोक म्हणाले. मावसभाऊ चार दिवसांनी गेला. बाबांना मी चिडून म्हटलं होतं, "हातचा धरला नसता तर आपण घरीच असतो. सहाला बातम्या लागल्या असत्या, निघालोच नसतो." त्यांनी विचार केला. खरोखर विचार केला, मान हलवली, आणि म्हणाले, "हे बरोबर आहे. पण हे नेहमी धरता येणार नाही." मग त्या दिवशीचा कालनिर्णयचा कागद फाडून ठेवून दिला. अजून आहे.

पूल होत गेले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी उड्डाणपूल, २००९ला सी लिंक, २०१४ला हायवेवरून थेट सहारला नेणारा उन्नत रस्ता, २०२४ला कोस्टल रोड. प्रत्येक पुलाने पाच-दहा मिनिटं वाचवली आणि वर्षा-दोन वर्षांत गाड्यांनी ती परत खाल्ली. बाबांनी एकाही पुलासाठी हातचा कमी केला नाही. मोबाइलमधलं ॲप एक तास दहा मिनिटं दाखवायचं, तर ते विचारायचे, "त्याला दहीहंडी माहीत आहे का?" एकदा अनंत चतुर्दशीला माझं संध्याकाळचं विमान होतं. गिरगावात राहणाऱ्याने त्या दिवशी विमानाचं तिकीट काढूच नये, पण ऑफिसने काढलं होतं. सगळी मुंबई चौपाटीकडे येत असताना मला चौपाटीकडून निघायचं होतं. बाबांनी मला सकाळी नऊला बाहेर काढलं. त्या दिवशी ते बरोबर होते.

लंडनचा मावसभाऊ फोनवर हसतो. त्यांच्याकडे भुयारी रेल्वे १९७७ सालीच हीथ्रोला पोचली होती. दिल्लीत २०११पासून एअरपोर्ट मेट्रो आहे. मी पहिल्यांदा तिच्यात बसले तेव्हा नवी दिल्ली स्टेशनवरून वीस मिनिटांत टर्मिनलखाली होते आणि मला कसंतरीच झालं. बंगळुरूला विमानतळ शहरापासून इतका लांब की तिथे बसमध्ये एक झोप काढता येते, आणि त्या निळ्या बसा माझ्या खूप आवडत्या आहेत. बॅगा ठेवायला जागा, रात्रीच्याही फेऱ्या, कुणाशी घासाघीस नाही. आमच्या गिरगावला असं काही मिळायला २०२५ उजाडलं.

आमच्या मेट्रोची गोष्ट सरळ नाही. आरे ते बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, २०२४च्या ऑक्टोबरमध्ये, मग वरळीपर्यंत, आणि २०२५च्या ऑक्टोबरमध्ये कफ परेडपर्यंत. साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, टोकापासून टोकापर्यंत ७० रुपये. गिरगाव आणि काळबादेवीत स्टेशनासाठी जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. ज्या घरांच्या गॅलरीतून १९८८ला काकाला हात हलवले गेले, त्यांतली काही घरं आता नाहीत. त्या कुटुंबांसाठी तिथल्या तिथे नव्या इमारती ठरल्या, पण मधली वर्षं कुणी भांडुपला काढली, कुणी डोंबिवलीला. मी सरकत्या जिन्याने खाली उतरते तेव्हा मला कधीकधी वाटतं, या उंचीवर पाटणकरकाकूंचं स्वयंपाकघर असेल का? मग कळतं की आपण स्वयंपाकघराच्या पुष्कळ खाली आहोत.

त्या दिवशीच्या प्रवासाचं सांगत होते. भाचीचं बारसं होतं बंगळुरूला. बाबांनी गणित मांडलं. नऊ चाळीस, दोन तास आधी, दोन तास रस्ता, हातचा एक. चार चाळीसला निघायचं. मी म्हटलं, "बाबा, मेट्रोने जाणार आहे. चाळीसेक मिनिटं लागतात." त्यांनी ऐकलं. 'दोन तास' खोडून तिथे 'एक तास' लिहिलं. बघितलं, आणि मग पुन्हा खोडून दोन केलं. "पहिलीच वेळ आहे," ते म्हणाले.

गाडीत बसायला जागा मिळाली. धारावी आणि बीकेसीच्या मध्ये गाडी मिठी नदीच्या खालून जाते. मी खिडकीकडे बघत होते. काळी भिंत आणि तिच्यात माझाच चेहरा. माहीम कुठे गेलं कळलं नाही, खाडी कुठे गेली कळलं नाही, पहिली रिक्षा दिसली नाही. शेजारी एक मुलगी बॅगेवर पाय ठेवून मोबाइल बघत होती. समोर दोघं ऑफिसमधले. विमानतळाला निघालेली माणसं आणि घरी निघालेली माणसं यांच्यात काही फरकच दिसत नव्हता. टॅक्सीत एकतर तुमच्याबरोबर कुणीतरी असतं, किंवा चालक असतो आणि तो विचारतो, कुठे चाललात, किती दिवस, घरी कोण. इथे कुणी विचारलं नाही. टर्मिनल दोनला उतरून बॅग ओढत थोडं चाललं की झालं. घामही आला नव्हता.

म्हणून मी साडेपाचला तिथे होते, चार तासांहून जास्त हातचा घेऊन, आणि त्याचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. गिरगावात ज्या पैशांत जेवण येतं तेवढ्या पैशांत चहा घेतला. भिंतींवर लावलेल्या कलाकृती बघितल्या, या टर्मिनलात त्या हजारोंनी आहेत आणि लोक त्यांच्यासमोरून धावत जातात. मी सावकाश बघितल्या. मग आईची आठवण झाली. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. ती कधी विमानात बसली नाही, पण विमानतळावर कितीतरी वेळा येऊन गेली, डबा घेऊन.

एक गोष्ट मात्र बाबांनी बरोबर हेरली होती. मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमाराला थांबते आणि सकाळी सहाच्या सुमाराला सुरू होते. लोकलही रात्री तीनेक तास झोपते. आणि मुंबईची निम्मी विमानं जणू याच वेळात उतरतात. म्हणजे जाताना मेट्रो, येताना टॅक्सी. माझं परतीचं विमान रात्री बारा पन्नासला उतरणार होतं. बाबांनी फोनवर हिशेब वाचून दाखवला. "बारा पन्नास. बॅग यायला पाऊण तास. टॅक्सीला अर्धा. रस्ता दीड तास, रात्र आहे म्हणून दीड. हातचा एक. चार पस्तीस. मी साडेचारचा गजर लावतो, कडी काढायला."

आमच्या दाराला आतून कडी आहे. किल्ली असून उपयोग नाही.

विमान वेळेच्या आधी उतरलं. बॅग पट्ट्यावर दुसरी आली. बाहेर काळी-पिवळी मिळाली, रात्रीचं सव्वापट भाडं. चालक साताऱ्याकडचे, साठीचे. पद्मिनी चालवलेली त्यांनी. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी रस्त्यावरून गेली तेव्हा त्यांच्या मुलाने फोटो काढून ठेवला म्हणे. "आता ताई, मुंबईत आणखी एक विमानतळ झालंय, उलव्याला," ते म्हणाले. "आता लोक विचारतात, सहार की सांताक्रूझ की नवी मुंबई? तिकडं जायचं तर अटल सेतूचा टोल. एका खेपेला अडीचशे." मी त्यांना अवाबाईंची गोष्ट सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. "बिनटोलाचा?" त्यांनी पुन्हा विचारलं. "तेव्हाची माणसं." मग सी लिंकवर गाडी घातली, टोल भरला आणि दोघंही हसलो.

कोस्टल रोडच्या बोगद्यातून बाहेर आलो तर समोर मरीन ड्राइव्ह, एकही गाडी नाही. घड्याळात दोनला दहा कमी. शहर आणि विमानतळ यांच्यामधलं खरं अंतर एवढंच आहे, फक्त ते रात्री दोनला दिसतं.

दोनच्या ठोक्याला मी दारात होते. बेल वाजवली. बराच वेळ काही नाही. मग दिवा लागला, सपाता ओढल्याचा आवाज आला, कडी निघाली. बाबांनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"काही झालं का?"

"काही नाही. लवकर आले."

ते आत गेले. चष्मा लावला. कालनिर्णय उतरवून टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच तो हिशेब वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला, रोकड जुळत नाही तेव्हा वाचत असतील तसा. मी पाणी प्यायले, बॅग भिंतीला लावली. "झोप आता," म्हणाले, आणि स्वतःही जाऊन झोपले.

साडेचारला गजर वाजला. मी जागी झाले. पलीकडच्या खोलीत कॉट कुरकुरली, सपाता ओढल्याचा आवाज आला, कडी निघाली. थोडा वेळ गेला, दार काही लागलं नाही. उठून बघितलं तर बाबा गॅलरीत कठड्याला टेकून उभे होते, खाली रस्त्याकडे बघत.

"बाबा, मी आलेय."

"माहीत आहे," ते म्हणाले. "गजर लावला होता, म्हणून उठलो."